बांधायला पाऊण तास, मग आठशे किलोमीटर: सांगलीहून नागपूरला गाडी नेणाऱ्या मिरजेच्या मामांबद्दल

मे २०२५ मध्ये माझी सांगलीहून नागपूरला बदली झाली. नोकरी बँकेतली, त्यामुळे बदलीचं नवल राहिलेलं नाही. सामानाचे खोके, आईची औषधं, गॅसची बदली, नवा घरमालक हे सगळं आता अंगवळणी पडलंय. पोटात गोळा आला तो फक्त गाडीच्या विचाराने. माझी २०१५ ची सेलेरिओ आहे, ऑटोमॅटिक गिअरची. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला क्लच दाबता येत नाही, आणि तास-दीड तासाच्या वर स्टिअरिंगवर बसवतही नाही. त्यामुळे सांगलीच्या विश्रामबागेतून नागपूरपर्यंत स्वतः चालवत नेणं शक्यच नव्हतं, आणि नागपुरात पहिल्या सोमवारी बँकेत जायला तीच गाडी लागणार होती. ती दारात आणि धडधाकट पोचायला हवी होती.

ती पोचली. मिरज-पंढरपूर रस्त्यावर एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे एकाच मोटारीपुरती फ्लॅटबेड आहे, म्हणजे मागचा पाटा हायड्रॉलिकने मागे सरकून खाली उतरतो ती टोचनची गाडी. मालक तेच, चालकही तेच, सोबत एक भाचा. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागले. नाव आणि नंबर इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलं. गाडी एकच, आणि फोन उचलता उचलता दिवस जातो असं ते म्हणाले. पण त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहितेय. तुम्ही साताऱ्यातून न्या, कोल्हापुरातून न्या किंवा आणखी कुठून, समोरच्या माणसाला काय विचारायचं हे तरी कळेल. मला २०१९ मध्ये ते कळत नव्हतं.

२०१९ च्या जूनमध्ये सांगलीहून अमरावतीला बदली झाली होती. घरसामान नेणाऱ्या एका मोठ्या कंपनीने गाडीही नेतो म्हणून सांगितलं, साडेअकरा हजार रुपये. त्यांच्या मोठ्या ट्रेलरवर इतर गाड्यांबरोबर माझी जाणार होती. मी हौसेने नवीन कव्हर आणलं, चांगल्या जाड कापडाचं, आत मऊ अस्तर असलेलं. त्यावरून दोरी घट्ट आवळून घेतली. आपण गाडीची केवढी काळजी घेतली असं मला वाटत होतं.

अमरावतीत गाडी उतरली ती संध्याकाळी उशिरा, शहराबाहेर, अर्धवट उजेडात. ड्रायव्हरला पुढे जायची घाई. 'गाडी सुस्थितीत मिळाली' अशा ओळीखाली मी सही केली. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी सगळं वाचा, असं रोज दहा लोकांना सांगणारी मी. त्या दिवशी पावती हातात घेऊन निघून आले. सकाळी कव्हर काढलं तेव्हा बॉनेटवर, छताच्या कडांवर आणि चारही दरवाजांच्या वरच्या भागात रंग धुरकट झालेला. जवळून बघितलं तर बारीक बारीक गोल चरे, भांडं काथ्याने घासल्यावर पडतात तसे. गाडी डावीकडे ओढत होती. पुढच्या दोन्ही टायरवर एकाच जागी तळहाताएवढा सपाट घासलेला चट्टा. वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलली तेव्हा लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर, साखळीचे वळ उमटलेले दिसले, आणि तिथला रंग उडून लोखंड उघडं पडलेलं. अलाइनमेंट, दोन टायर, रबिंग-पॉलिश. कंपनीला पत्र पाठवलं, त्यांनी माझ्याच सहीची प्रत परत पाठवली.

तीन-चार वर्षं मी त्या प्रकाराला 'नशीब' म्हणत होते. २०२३ मध्ये परत येताना भावाने रजा काढून गाडी चालवत आणली. नशीब वगैरे काही नव्हतं, हे मला २०२५ मध्ये मिरजेच्या मामांकडून समजलं.

मामांना पहिल्यांदा फोन केला तेव्हा भाडं सांगण्याआधी त्यांनीच चार प्रश्न विचारले. गिअर कुठला? गाडी चालू आहे ना? खाली काही लोंबतंय का? आणि कुठं चढवायची, रस्ता सपाट आहे का उतार? त्याआधी तीन ठिकाणी विचारलं होतं, तिथे फक्त 'कुठून कुठे' एवढंच विचारलं गेलं. तेव्हाच माझं मन निम्मं झुकलं.

गिअरचा प्रश्न महत्त्वाचा का, तर ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या नसतात. ज्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी (हे ऑटोमॅटिक गिअरचे दोन प्रकार) असतो, तिच्या गिअरबॉक्समधलं ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरताहेत अशी ती लांब ओढत नेली, तर आतले भाग ऑइलविना घासून जळतात. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही आणि गिअरबॉक्स मात्र संपतो. माझ्या गाडीत वेगळी रचना आहे. गिअरबॉक्स साधाच, पण क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम एक यंत्रणा करते, आणि ती बॅटरीवर चालते. या गाडीला 'पी', म्हणजे पार्किंगचा गिअर, नसतो. इंजिन बंद करताना जो गिअर पडलेला असेल तो तसाच पडून राहतो. त्यानंतर बॅटरीची वायर काढली, तर दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलला, सरकवून काही उपयोग नाही, आतला गिअर सुटत नाही.

हे मामांनी समजावून सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अमरावतीचे ते टायर आले. कंपनीच्या माणसाने माझ्यासमोर बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली होती. "मॅडम, सेफ्टी के लिए," म्हणाला होता. गाडी तेव्हा गिअरमध्ये होती, कारण माझी पार्किंगची सवयच ती. पुढची चाकं जाम, आणि विंचने, म्हणजे तारेने गाडी ओढणाऱ्या यंत्राने, तशीच फरफटत वर घेतलेली. सहा वर्षांनी मला त्या चट्ट्यांचं कारण कळलं.

मे महिन्यात वळीव सुरू झाला होता आणि त्या वर्षी तर पाऊस फारच लवकर येणार अशी चिन्हं होती. गुरुवारी, २२ तारखेला सकाळी साडेसहाला मामा आमच्या गल्लीत आले. आदल्या दिवशीच त्यांनी निरोप दिला होता की गाडी धुऊन, कोरडी करून ठेवा आणि पेट्रोल पाव टाकीच्या वर नको. पस्तीस लिटरची टाकी, म्हणजे आठ-नऊ लिटर. धुवायचं कारण त्यांनी आल्यावर सांगितलं. "धुळीखाली चरा दिसत न्हाई ताई. मग नागपुरात तुमी म्हणणार मामांनी पाडला, आन् मी म्हणणार आधीचाच हाय. कशाला पायजे?"

मी मात्र गाडीला कव्हर घालून ठेवलं होतं. या वेळी आणखी भारी, पाणी न शिरणारं, इलॅस्टिकचं. मामांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "हे झबलं काढा आधी."

मला राग आला. आठशे किलोमीटर उघड्यावर जाणारी गाडी, वर पावसाचे दिवस, आणि हे म्हणतात कव्हर काढा. मी दोनदा नको म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. कव्हरची एक कड उचलली, माझ्या हातात दिली आणि बॉनेटवर हलकेच पुढे-मागे करायला सांगितली. आदल्या दिवशीच धुतलेली गाडी, तरी हाताला खरखर लागली. रात्रीत बसलेली बारीक धूळ. "हे तुमी दोनदा हलवलं. वाऱ्यानं नागपूरपर्यंत किती येळा हलंल? कव्हर किती बी आवळा, साठच्या स्पीडला फडफडतंयच. आतली धूळ मग पॉलिश पेपरगत चालती." कव्हर उभ्या गाडीसाठी असतं, चालत्या ट्रकवरच्या गाडीसाठी नाही. पाऊस गाडीच्या रंगाचं काही बिघडवत नाही, उलट गाडी धुऊन निघते. कव्हरमध्ये अडकलेली ओल आणि धूळ बिघडवते.

२०१९ चे ते गोल चरे म्हणजे माझंच कव्हर होतं. कंपनीच्या चुका वेगळ्या आणि खऱ्या, पण बॉनेटवरचं नुकसान मी स्वतः विकत आणून, स्वतःच्या हाताने आवळून बांधलं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही. तरी लिहिते, कारण बदलीवर निघालेली प्रत्येक ओळखीची व्यक्ती मला हेच विचारते की कव्हर कुठलं चांगलं. प्लास्टिकच्या चिकट फिल्मचंही तसंच. सोफा गुंडाळायला आणलेला रोल मी बम्परसाठी राखून ठेवला होता, मामांनी तोही परत घरात ठेवायला लावला. मेच्या उन्हात फिल्मखाली वाफ धरते आणि खाकी टेपचा डिंक रंगावर बसतो. आरसे आत दुमडून त्यांनी सुती नाडीने बांधले, छतावरची अँटेना फिरवून काढली आणि डिकीत ठेवली. रंगाला त्यांनी दुसरं काहीही लावू दिलं नाही.

काचेवरच्या फास्टॅगवर मात्र स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोनी तुकडा लावला, कडेने कागदी टेप. टोलनाक्यावरचं यंत्र कधी कधी ट्रकच्या टॅगऐवजी पाठीवरच्या मोटारीचा टॅग वाचतं आणि टोल तिच्या मालकाच्या खात्यातून जातो. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

मग फोटो. भाच्याने गाडीभोवती फिरून माझ्यासमोर चाळीसेक फोटो काढले. चारही बाजू, चारही चाकं, काच, छत, मीटरवरचे किलोमीटर, पेट्रोलचा काटा. वहीत मोटारीची वरून आणि दोन्ही बाजूंनी दिसणारी आकृती छापलेली होती. तिच्यावर आधीचे पाच ओरखडे आणि मागच्या बम्परवरचा पोचा पेनाने दाखवला, खाली दोघांच्या सह्या. मी आयुष्यात पुष्कळ पंचनाम्याचे कागद बघितले आहेत, इतका नेमका क्वचित बघितला.

चढवताना आधी मला चावी लावायला सांगितली. ब्रेकवर पाय, इंजिन चालू, दांडा 'एन'वर, मीटरवर 'एन' दिसलं याची खात्री, मगच इंजिन बंद. बॅटरीला हातही लावला नाही. दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरत नाही, आणि नागपुरात गिअर सोडवायला तीच लागणार. चावी स्टिअरिंगला तशीच ठेवली, म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. पाटा खाली टेकला तरी टोकाशी चढ उरतोच. तिथे त्यांनी दोन लाकडी फळ्या टाकल्या, कारण पुढचा बम्पर टेकतो तो नेमका याच जागी. सेलेरिओ जमिनीपासून १६५ मिलिमीटर वर आहे, म्हणजे फार बुटकी नाही, तरी फळ्या घातल्याच. विंचची तार टोइंगच्या हुकात अडकवून इंच इंच वर घेतली. भाचा एका बाजूने चालत चाकांकडे बघत होता, मामा दुसऱ्या बाजूने. घाई कुणालाच नव्हती.

वर आल्यावर मामांनी विंचची तार थोडी ढिली केली. मी विचारलं, घट्ट का ठेवत नाही? ते म्हणाले की हूक हा गाडी ओढून घेण्यापुरता, प्रवासात बांधून ठेवण्यासाठी नाही. बांधायची ती चाकं.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. मोटारीचं अंग चाकांवर स्प्रिंगांच्या आधाराने टेकलेलं असतं. खड्डा आला की अंग खाली-वर होतं, चाक जागेवर राहतं. तुम्ही चेसिसला किंवा लोअर आर्मला साखळी लावून गाडी खाली आवळली, तर त्या स्प्रिंगा दाबलेल्या अवस्थेत अडकतात. मग प्रत्येक खड्ड्याला साखळी ढिली पडते आणि पुन्हा हिसका देते. असे हजारो हिसके आर्मवर, त्याच्या रबरी बुशवर, स्टिअरिंगच्या टाय रॉडवर बसतात. साखळी ढिली पडू नये म्हणून ड्रायव्हर पुढच्या ढाब्यावर आणखी आवळतो. माझ्या आर्मवर वळ उमटले ते असे. चाकं बांधली तर मात्र ती पाट्याला घट्ट आणि वरचं अंग मोकळं, आपण चालवताना डोलतं तसं डोलत जातं.

मामांकडे चार पट्टे होते, चार बोटं रुंद, पॉलिएस्टरचे, प्रत्येकाला रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचा खटका. पट्टा टायरच्या पुढून चढतो, टायरच्या माथ्यावरून जातो आणि मागे उतरतो. मध्ये रबराचे तीन ठोकळे असतात, ते टायरच्या खाचांत बसतात, म्हणजे पट्टा बाजूला सरकत नाही. रिमला पट्टा लागत नाही, रंगाला लागत नाही, ब्रेकच्या नळीला तर अजिबात नाही. प्रत्येक पट्टा घालून झाला की मामा बोट घालून आतली बाजू चाचपत होते, ब्रेकची नळी कुठे दबली तर नाही ना ते बघायला. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, मग हँडब्रेक. शेवटी ते पाट्यावर चढले, गाडीच्या छताला धरून तिला जोरात हलवलं. गाडी स्प्रिंगवर डुलली, चाकं हलली नाहीत. या सगळ्याला पाऊण तास लागला. २०१९ मध्ये दहा मिनिटांत झालं होतं आणि मी त्यांच्या वेगाचं कौतुक केलं होतं.

हे शिकले कुठे, असं मी विचारलं. मामा आधी क्रेनवर होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या कितीतरी गाड्या त्यांनी गॅरेजपर्यंत पोचवल्या. बुडालेल्या गाड्या, इंजिन बंद, बॅटरी मेलेली, ब्रेक गंजून धरलेले. लोकांनी दोर बांधून ट्रॅक्टरने ओढल्या आणि पाण्याने केलं नाही ते ओढण्याने केलं. ते बघून त्यांनी क्रेन सोडली आणि कर्ज काढून ही फ्लॅटबेड घेतली. तो पूर आला तेव्हा मी अमरावतीत होते आणि आई सांगलीत वरच्या मजल्यावर अडकलेली. त्यामुळे या गोष्टीवर आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

एका गोष्टीवर आमचं बिनसलं. मागच्या सीटवर आणि डिकीत भांड्यांचे दोन खोके, मिक्सर आणि आईचं शिलाई मशीन भरायचं मी ठरवलं होतं. गाडी रिकामीच जातेय, मग भरून का न्यायची नाही? मामा ठाम होते. आत सैल सामान असलं की ब्रेक दाबताना ते काचेवर किंवा डॅशबोर्डवर येतं, एका बाजूला वजन बसलं की पट्ट्यांवरचा ताण बदलतो, आणि काही फुटलं-हरवलं तर जबाबदारी कुणाची? स्टेपनी, जॅक आणि टूलकिट एवढंच आत राहिलं. शिलाई मशीन रेल्वेने आलं, त्याचा त्रास झाला. त्यांचं बरोबर होतं असं आता वाटतं, पण हे आदल्या दिवशी फोनवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पाव टाकी पेट्रोलचं सांगितलं, सामानाचं नाही.

विम्याबद्दलही लिहायला हवं. मामा स्वतःचा वेगळा वाहतूक-विमा देत नाहीत, आणि ही त्यांच्या सेवेतली खरी उणीव आहे. मी माझी पॉलिसी काढून वाचली. आपल्याकडच्या मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे नुसत्या थर्ड पार्टीच्या वरच्या पॉलिसीत, जोखमींची यादी असते. आग, चोरी, पूर, दंगल यांच्या पंक्तीत रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने गाडी नेली जात असताना होणारं नुकसानही त्यात असतं. आपण ते पान उलटतच नाही. मी विमा कंपनीला तारीख, मार्ग आणि टोचनच्या गाडीचा नंबर ईमेलने कळवून ठेवला. नुसती थर्ड पार्टी असलेल्यांना हा आधार नाही. त्यांनी वेगळा विमा घेतल्याशिवाय गाडी चढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीसोबत आरसी आणि विम्याची प्रत, पीयूसी आणि माझं सहीचं पत्र दिलं. राज्याबाहेर जाणार असाल तर आरटीओची एनओसी वगैरे प्रकरण वेगळं. मला महाराष्ट्रातच राहायचं होतं, म्हणून एमएच-१० तशीच ठेवली.

मी आणि आई त्याच दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. मामा मिरजेवरून सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असे रत्नागिरी-नागपूर महामार्गाने. तीस किलोमीटरवर कवठे महांकाळच्या आसपास थांबून त्यांनी पट्टे पुन्हा आवळले आणि फोटो पाठवला. टायर पट्ट्याखाली बसतात आणि पहिल्या तासाभरात थोडी ढील येतेच. पुढे प्रत्येक चहाच्या थांब्याला एक फोटो. लोकेशन दिसणारं ॲप वगैरे काही नाही, आणि चालवताना ते फोन उचलत नाहीत. पहिल्या दुपारी तीन तास काही कळलं नाही तेव्हा माझा जीव खालीवर झाला. चालवताना फोन न उचलणारा ड्रायव्हर चांगलाच, हे कबूल. पण सोबतच्या भाच्याने उचलायला काय हरकत होती?

संध्याकाळी अहमदपूरच्या पुढे वळीव आला, विजा, वारा. त्यांनी ट्रक पंपावर लावला आणि मुक्काम केला. रात्री ते चालवतच नाहीत. ठरल्याप्रमाणे गाडी शुक्रवारी संध्याकाळी मिळायला हवी होती. शुक्रवारी रात्री नऊला फोन आला की बुटीबोरीला पोचलोय, पण आता उतरवणार नाही. मी म्हटलं, इतक्या जवळ आलात तर या की. ते म्हणाले, "अंधारात उतरवून तुमची सही घेऊ व्हय? सकाळी उजेडात बघा, मग करा." अमरावतीचं मी त्यांना सांगितलेलं होतं. मी पुढे काही बोलले नाही.

चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. सकाळी आठला मनीषनगरमधल्या आमच्या घरासमोर पाटा खाली आला. गाडीवर चिखलाचे वाळलेले थेंब आणि बाकी धूळ. भाच्याने आधी पाणी मागितलं, दोन बादल्या नुसत्या ओतल्या. कोरड्या फडक्याने पुसू दिलं नाही, कारण धुळीसकट पुसलं की पुन्हा तेच चरे. मग वही उघडली, आकृती समोर धरली आणि आम्ही गाडीभोवती फिरलो. आधीचे पाच ओरखडे, आधीचा पोचा. नवीन एकच, पुढच्या बम्परच्या खाली विंचच्या हुकाचा ग्रीसचा काळा डाग. तो मामांनी स्वतः दाखवला आणि रॉकेलच्या बोळ्याने काढला. खालून लोअर आर्म बघायला मी मोबाइलचा टॉर्च घेऊन वाकले, गुडघ्यामुळे पूर्ण वाकता येईना, तेव्हा भाच्याने खाली झोपून फोटो काढून दिले. स्वच्छ. सही करण्याआधी मामांनी मला गाडी वर्धा रोडपर्यंत चालवून आणायला लावली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल धरून बघा, ओढते का. ओढली नाही.

पैशांचं सांगायचं तर मी २७ हजार दिले. त्यांना नागपूरहून परतीचं भाडं मिळालेलं होतं म्हणून एवढ्यात झालं, नाहीतर जास्त पडलं असतं. मोठ्या ट्रेलरवर सात-आठ गाड्यांबरोबर नेली तर याच्या निम्म्यात काम होतं, आणि तिथेही चाकं बांधणारे चांगले लोक असतील. फक्त खालच्या मजल्यावर गाडी असेल तर वरच्या गाडीचं ऑइल गळून काचेवर पडतं, तेव्हा वरचा मजला मागून घ्या. दहा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला, असं भावाने विचारलं. २०१९ मध्ये वाचवलेले पैसे अलाइनमेंट, टायर आणि पॉलिशमध्ये गेले, वर महिनाभर रिक्षाने बँकेत गेले ते वेगळं. माझ्यासारखं जिचं रोजचं काम गाडीवर अडतं तिने फ्लॅटबेडच घ्यावी. घरात दुसरी गाडी असेल आणि पंधरा दिवस उशीर चालत असेल, तर ट्रेलरही ठीक. पावती त्यांनी साध्या वहीतली दिली. बँकेच्या भत्त्यासाठी मला रीतसर बिल हवं होतं, ते आठ दिवसांनी दोन आठवणी केल्यावर आलं. हेही त्यांनी सुधारावं.

निघताना आईने त्यांना वाटेत खायला भडंगाचं पाकीट दिलं, सांगलीहून आणलेलं. मामा हसले आणि म्हणाले, सांगलीचं भडंग नागपुरातनं परत सांगलीला.

सोमवारी गाडीनेच बँकेत गेले. पुढच्या शनिवारी मनाच्या समाधानासाठी अलाइनमेंट तपासून घेतली, आकडे मर्यादेत होते. त्या कागदाचा फोटो मामांना पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "बेस्ट. स्टेपनीची हवा बगितली का ताई? ती चढवताना बगायची राहिली आपली."